कोऱ्या कागदाची पोच

१

सकाळी साडेनऊला मी ऑफिस उघडतो. आधी शटर, मग मागची खिडकी. माठ विसळून भरतो, ताईंचं टेबल पुसतो, कॉम्प्युटरचं बटण दाबतो. तो जागा होईपर्यंत स्टॅम्प पॅडवर शाईचे दोन थेंब टाकून बोटाने पसरतो. त्यामुळे माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम निळं असतं. माझी बायको छबूबाई होती तेव्हा जेवायला बसलो की म्हणायची, "पहिले ते बोट धुई या." तिला जाऊन सहा वर्षं झाली. बोट निळंच आहे.

आमचं ऑफिस शहाद्यात, एसटी स्टँडपासून थोडं आत, एका खताच्या दुकानाला लागून आहे. घरातून मार खाऊन निघालेल्या बायकांना आमची संस्था आसरा देते, त्यांचे कागद तयार करते, कोर्टात त्यांच्यासोबत उभी राहते. दीपमालाताई संस्था चालवतात. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आहे, तिथे फुलीबाई डबे करते. मी शिपाई. त्याआधी तीस वर्षं साखर कारखान्यात शिपाईच होतो. शिक्षण चौथी.

ताई पडद्यावर काही वाचत नाहीत. कागद हातात असला की तो कुणा माणसाने पाठवलाय असं वाटतं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. म्हणून आलेला प्रत्येक मेल मी छापतो, त्यावर गोल शिक्का मारतो, आवक रजिस्टरात नंबर टाकतो आणि ताईंच्या ट्रेमध्ये ठेवतो. शेवटी पडद्यावरचं हिरवं बटण दाबतो. ते पोचेचं. ते दाबलं की पाठवणाऱ्याला चार ओळी जातात : तुमचा कागद मिळाला. आवक क्रमांक अमुक. आम्ही आहोत. पोच देणारा, बन्सीलाल.

आमच्याकडे एक नियम आहे, तो दुसऱ्या कुठल्या ऑफिसात नसेल. कोरा कागद आला तरी त्याला नंबर द्यायचा आणि पोच द्यायची.

खूप वर्षांपूर्वी टपालाने एक पाकीट आलं होतं. आत कोरा कागद, चौपदरी घडी घातलेला. कुणाची तरी चूक असेल म्हणून त्याच्या मागे कुणीतरी किराण्याची यादी केली. महिन्याभराने पोस्टाच्या शिक्क्यावरच्या त्या गावात एक बाई विहिरीत सापडली. तिला लिहिता येत नव्हतं. पाकिटावरचा पत्ता तिने दुकानदाराकडून घालून घेतला होता. आत काय लिहायचं ते तिला त्याला सांगता आलं नव्हतं. ताईंनी तो कागद काचेत घालून भिंतीवर लावला आहे. एका बाजूला काही नाही, दुसऱ्या बाजूला चहा, साखर, गूळ.

यंदा संक्रांतीनंतर एक कोरा मेल येऊ लागला. रोज, पावणेदहाच्या सुमाराला. नाव नाही, विषय नाही, मजकूर नाही. प्रिंटर कागद आत ओढायचा, थोडा घरघरायचा आणि होता तसा पांढरा बाहेर द्यायचा. मी शिक्का मारायचो. रजिस्टरात 'कोणाकडून' या रकान्यात आडवी रेघ ओढायचो. आणि हिरवं बटण दाबताना रोज मनात, आमच्या अहिराणीत, म्हणायचो, कोठे शे तू, माय? कोनत्या खोलीमा बठेल शे?

त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

२

त्याच दिवसांत निशा आमच्याकडे आली.

वय सव्वीस. सासर तापीकाठचं, केळीचे मोठे मळे असलेलं घर. नवरा हेमकांत. त्याने तिचा डावा हात तव्यावर दाबून धरला होता. पुढच्या वेळी त्याने दाराला आतून कडी लावली आणि रॉकेलचा डबा उघडला, तेव्हा ती न्हाणीच्या खिडकीतून निघाली आणि पहाटेच्या दुधाच्या गाडीने शहाद्याला आली. पोलिसांत तक्रार झाली. कोर्टाची तारीख होळीनंतरची मिळाली.

"तोवर ती त्याला सापडता कामा नये, बन्सीकाका," ताई म्हणाल्या. "सापडली तर तारखेला उभं राहायला ती असणार नाही."

तिला गावाच्या कडेला, केळी पिकवायच्या गोडाऊनच्या वरच्या खोलीत ठेवलं. ही जागा ताईंना माहीत होती आणि मला. फुलीबाई डबा भरायची, पण तो कुठे जातो हे तिने कधी विचारलं नाही. मी डबा पिशवीत घालून भाजीबाजारातून वळसा घ्यायचो. माझे गुडघे दुखतात, म्हणून जिना चढताना मी पायऱ्या मोजतो. एकोणीस झाले की आतून आवाज यायचा, "कोन?" मी म्हणायचो, "डबा." मग कडी निघायची.

खोलीत एक खाट, एक खिडकी, भिंतीत एक फळी. पाणी प्यायला काही नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी मी घरून छबूबाईचा स्टीलचा पेला नेऊन दिला. त्यावर तिचं नाव घातलेलं आहे. खाली गोडाऊनचं यंत्र दिवसभर गुरगुरायचं आणि फळीवरचा पेला किणकिणत राहायचा. निशाने तो उपडा ठेवायला सुरुवात केली. उपडा ठेवला की गप्प बसायचा.

ती नेहमी दाराकडे तोंड करून बसायची. जेवतानासुद्धा.

"खिडकीकडे बस ना माय, वारा लागी," मी एकदा म्हटलं.

"दारकडे पाठ करी ते घास उतरत नही, बाबा," ती म्हणाली. मग हसून म्हणाली, "आनि आज फुलीबाईनं मीठ टाकं का नही? तिले सांगा, तुन्हा हात राजवाडानी राणीना व्हयी गया."

फुलीबाई सातपुड्याच्या डोंगरातली, कुठल्या पाड्याची ते तिने कधी सांगितलं नव्हतं. मी निरोप दिला. ती म्हणाली, "राणीला सांग, उद्या मिठाचा खडा पाठवते, चाटत बस." दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण डब्यातून त्यांचं भांडण चालायचं. भाजीतल्या मिठावरून त्यांना एकमेकींची तब्येत कळायची.

मला मूलबाळ नाही. त्या दिवसांत दुपारची वाट बघायची मला सवय लागली.

३

एका बुधवारी कोरा मेल छापला तेव्हा कागद कोरा नव्हता.

मधोमध एक ओळ होती. *एक खोली. एक खिडकी. खिडकीला कागद.*

मला आधी बरंच वाटलं. बाईला लिहिता येऊ लागलं, किंवा कुणी लिहून देणारं मिळालं. मी शिक्का मारला, नंबर टाकला, हिरवं बटण दाबलं. मग कागद ट्रेमध्ये ठेवता ठेवता माझा हात थांबला. आदल्या दुपारी निशाच्या खिडकीला वर्तमानपत्र मी चिकटवलं होतं. खळ घरून नेली होती. नखांत ती अजून होती.

मी खुर्चीत बसलो. खिडकीला कागद लावणारा जगात मी एकटा नाही, असं स्वतःला सांगितलं. ऊन लागतं, लोक लावतात. आमच्या गल्लीतच चार घरांना आहे. कागद मी ट्रेमध्ये सगळ्यांत खाली ठेवला.

गुरुवारी ओळ आली : *एकोणीस पायऱ्या. मग दार.*

प्रिंटर थांबल्यावर खताच्या दुकानातलं वजन खाली ठेवल्याचा आवाज आला, तेवढ्याने मी दचकलो. दोन्ही कागद घेऊन ताईंसमोर उभा राहिलो.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे तुम्ही कुणाला बोललात?"

"नाही ताई."

"मी कुठे लिहिलेलं नाही. या मशिनमध्ये निशाचं नावसुद्धा नाही. फाइल माझ्या घरी आहे." त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. "पायऱ्या किती आहेत ते मलाही माहीत नाही, काका."

४

धुळ्याहून योगेंद्र आला. आमची मशिनं तोच बघतो. तरुण आहे, सारखा मान हलवतो, पण मला समजेल असं बोलतो. त्याने दोन तास काहीतरी पाहिलं. मी दोनदा चहा दिला. तो चहा त्याने थंड करून प्यायला.

"ताई, तुमच्या या मेलच्या प्रोग्रामला भोक आहे," तो म्हणाला. "तुमच्याच नाही, सगळीकडच्या. आत्ताच कळलंय. बाहेरून एक कोरा मेल येतो. त्यात दिसत काही नाही, पण तुम्ही त्याला उत्तर दिलं की मशिनच्या पोटात त्या वेळी जे पडलेलं असतं, त्यातलं थोडं थोडं उत्तराच्या मागे बांधून जातं. काका रोज पोच देत होते. म्हणजे रोज थोडं गेलं."

मी निळं बोट मुठीत लपवलं. "मी दिलं?"

"तुम्ही बटण दाबलं, काका. भोक तुम्ही नाही पाडलं."

"पण पोटात होतं कुठे?" ताईंनी विचारलं. "ही माहिती कुणी घातलीच नाही मशिनमध्ये."

"कुणीतरी घातलीच असेल, ताई. मशिन स्वतःहून काही बनवत नाही. त्याच्याजवळ असेल तेच ते देतं."

"आणि पाठवणारा कोण?"

तो पडद्याजवळ वाकला. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "गंमत आहे. पत्ता तुमच्याच ऑफिसचा दिसतो. इथून निघालाय, इथेच आलाय. असं खोटं दाखवता येतं म्हणा."

त्याने भोक बुजवलं. नवा प्रोग्राम टाकला. हिरवं बटण काढून टाकलं. मी बघत होतो. तिथे आता नुसती राखाडी जागा राहिली, पडलेल्या दातासारखी.

"आता कोरा मेल आला तर छापू नका, काही दाबू नका," जाताना तो म्हणाला. "आणि काका, तोंड असं करू नका. मोठमोठ्या ऑफिसांत झालंय हे."

तीन दिवस काही आलं नाही. मी तिन्ही दिवस पावणेदहाला प्रिंटरजवळ उभा होतो. बायका कोरे कागद पाठवत असतील तर आता त्यांना पोच कोण देणार, असंही एकदा मनात आलं. ते मी कुणाला बोललो नाही.

५

चौथ्या दिवशी समोरच्या कडुलिंबाखाली पांढरी गाडी येऊन थांबली. ताई नंदुरबारला गेल्या होत्या. गाडीतून इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उतरला, चपला दाराबाहेर काढून आत आला.

"राम राम, काका. बठू का?"

मी ओळखलं नव्हतं. बसा म्हटलं, पाणी दिलं. त्याने पाणी वरून, ओठाला न लावता प्यालं आणि पेला टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवला.

"तुमीच बन्सीलालकाका ना? तुमना लई उपकार शेतस मन्हावर. मी हेमकांत."

मला उठता आलं नाही.

"भेऊ नका. मी काय कोनले सांगाव नही," तो हळू आवाजात म्हणाला. "माले रोज येस तुमनं. आज बी उनं."

त्याने फोन माझ्यासमोर धरला. अक्षरं मोठी करून दाखवली, जसं एखाद्या घरच्या म्हाताऱ्याला दाखवावं. *तुमचा कागद मिळाला.* खाली आवक क्रमांक होता. माझ्या रजिस्टरात त्या दिवशी शेवटचा नंबर पडला होता, त्याच्या पुढचा. त्याखाली, *आम्ही आहोत. पोच देणारा, बन्सीलाल.* आणि त्याखाली, *खाली यंत्र चालतं.*

"हे मी नाही पाठवलं," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण फार लांबून आला.

"मंग कोन? नाव तुमनं शे." तो हसला. "काका, मी तुमले मेल कधीच करा नही. तुमीच सुरू करं. माले वाटनं, म्हातारा माणूस शे, जीव कळवळना व्हयी, संसार जुळाडी देवाले दखस. खोली समजनी, पायऱ्या समजन्या. आते फक्त गावनं नाव सांगा. मी तिले काय करसू? बायको शे मन्ही. घर लई जासू."

"मला काही माहीत नाही."

"असू द्या." तो उठला. "घाई नही. तुमीच धाडशात."

चपला घालून तो गाडीत जाऊन बसला. गाडी गेली नाही. काच खाली करून तो ऑफिसकडे बघत राहिला.

मी कॉम्प्युटर पाहिला. हिरव्या बटणाची जागा राखाडीच होती. योगेंद्रला फोन केला. "शक्यच नाही, काका," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमच्या हातून चुकून..." आणि फोन ठेवला.

मीही तोच विचार करत होतो. वय झालं. गॅस बंद केला की नाही हे मला दाराला कुलूप लावल्यावर आठवत नाही. सकाळी मीच काही दाबलं असेन. पण दाबायला तिथे काही नव्हतं.

६

दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने निघालो. तीन गल्ल्या जास्त फिरलो. मागे कुणी नव्हतं. जिना चढलो, एकोणीस झाले.

"कोन?"

"डबा."

निशाने माझं तोंड बघून डबा हातातून घेतला आणि मला खाटेवर बसवलं. "काय व्हयनं, बाबा?"

मी तिला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवणं मला बरोबर वाटलं नाही. जीव तिचा होता. ती ऐकत होती, दाराकडे बघत. पेला फळीवर उपडा होता. खालचं यंत्र गुरगुरत होतं.

"एकोणीस?" ती मध्येच म्हणाली.

"हां. तसंच होतं कागदावर. एकोणीस पायऱ्या."

"एकोणीस कोठे शेतस? अठराच शेतस, बाबा. मी रोज झाडू मारस ना." तिने उठून दार उघडलं आणि मला जिना दाखवला. मग माझ्या पायाकडे बोट केलं. "तुमी उंबरा मोजतस."

मी उंबऱ्याकडे बघत राहिलो. खरं होतं. गुडघ्याला उंबराही एक पायरीच असते. म्हणून मी तो धरतो. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण हे मलाच माहीत नव्हतं.

गोडाऊनच्या मालकाला विचारलं असतं तर त्याने अठरा सांगितल्या असत्या. कुणी येऊन मोजल्या असत्या तर त्याही अठराच भरल्या असत्या. एकोणीस पायऱ्यांचा जिना फक्त एका ठिकाणी होता.

योगेंद्रचं बोलणं आठवलं. त्याच्याजवळ असेल तेच ते देतं.

मला रोजची ती सकाळ आठवली. हिरवं बटण, माझं निळं बोट, आणि मनातलं ते विचारणं, कोठे शे तू, माय? कोनत्या खोलीमा बठेल शे? विचारताना दर वेळी कुठली तरी खोली डोळ्यांसमोर यायचीच. मला एकच खोली ठाऊक होती.

"बाबा," निशा म्हणाली, "तुमना हात थंडा पडी ग्यात."

७

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला प्रिंटर आपोआप चालू झाला. मी लांब, माठाजवळ उभा होतो. कागद बाहेर आला, कडेवर थोडा अडला आणि खाली पडला.

*केळीचा वास.*

शहाद्यात केळी पिकवायची गोडाऊनं मोजकीच आहेत. समोर गाडीचं दार उघडलं. हेमकांत फोन हातात घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान थोडी झुकवली, आभार मानल्यासारखी. मग गाडी सुरू झाली आणि गेली.

मी स्वयंपाकघरात धावलो. मला धावता येत नाही, तरी धावलो. फुलीबाई भाकरी थापत होती. मी तिला जागा सांगितली, पहिल्यांदाच. म्हटलं, "तिला घेऊन जा. आत्ता. डोंगरात कुठेही."

तिने हात पुसले. काय, का, असं काही विचारलं नाही. "होळीला सगळा डोंगर घरी चाललाय. गुजरातहून माणसं येतात, जीपला पाय ठेवायला जागा नाही. तिला माझं लुगडं देते. कोण बघणार?"

"कुठे नेशील?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कागदावर माझ्याच मनातलं उमटतंय, हे आदल्या दिवशी रिकामा डबा देताना मी तिला बोललो होतो, माझा घाबरा चेहराही तिने पाहिला होता. थोडंफार तिला कळलं असावं.

"तुला सांगू?" तिने विचारलं.

"नको," मी म्हणालो. हे म्हणायला मला फार वेळ लागला.

"तुझं तोंड चांगलं आहे, बाबा. मन लई बोलतं." तिने भाकरी फडक्यात बांधल्या. "होळी झाली की येईन. तोवर माझ्या फोनला रेंज नाही, तिकडे वाट बघू नको."

तिच्या भाच्याच्या रिक्षाने आम्ही पाच मिनिटांत गोडाऊनला पोचलो. रस्त्यावर पांढरी गाडी नव्हती. तो दुसऱ्या कुठल्या तरी गोडाऊनखाली नाक वर करून उभा असेल. निशाला फुलीबाईने डोंगरी पद्धतीचं लुगडं नेसवलं, डोक्यावर टोपली दिली. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या.

"तूच का मिठाची राणी?" फुलीबाई म्हणाली.

निशाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिने फळीवरचा पेला उचलून माझ्यापुढे धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "तिकडे पाणी कशात पिशी?"

जीप स्टँडवर ढोल होते, गाठोडी होती, बायका, पोरं, टपावर बसलेली माणसं. पोरगे गावांची नावं ओरडत होते. मोलगी, धडगाव, अक्कलकुवा. मी पानटपरीच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. निशाच्या खाटेवरच्या गादीतला कापूस काढून आणला होता, तो दोन्ही कानांत कोंबला. डोळे मिटले. त्या कोणत्या जीपमध्ये बसल्या, जीप कोणत्या रस्त्याला लागली, मला कळू द्यायचं नव्हतं.

माझ्या पायांना कुणीतरी हात लावला. वाकून, नमस्कारासारखा. मी डोळे उघडले नाहीत. मनात एक ते शंभर मोजलं, पुन्हा एक ते शंभर. कापूस काढला तेव्हा स्टँडवर दुसरीच माणसं होती.

८

त्यानंतर कागद कोरे येऊ लागले. योगेंद्रने मशिन बदललं तरी येत राहिले. ताई म्हणाल्या, येऊ देत. मी शिक्का मारत नाही, नंबर टाकत नाही.

पांढरी गाडी परत आली आणि कडुलिंबाखाली उभी राहिली. पहिल्या दोन दिवसांत हेमकांत हसायचा. मग हसेनासा झाला. तिसऱ्या दिवशी आत येऊन त्याने माझी कॉलर धरली. "काबर बंद करं?" ताईंनी पोलिसांना फोन लावला तेव्हा सोडलं. मी मनातून सुखी झालो होतो. माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून त्याला काही मिळत नव्हतं. ती कुठे आहे हे माहीत नसणं, हेच आता माझं तिच्यासाठी करायचं काम होतं.

पण मी एक चूक केली.

दुपारी डबा न्यायची वेळ झाली की हात रिकामे वाटायचे. तेव्हा मी तिला मनात एका घरात बसवायचो. खरं घर माहीत नव्हतं, म्हणून मीच बांधलं होतं. कुडाच्या भिंती, वर शेणामातीचा लेप. बांबूचं दार. कोपऱ्यात टोपली. चुलीशेजारी छबूबाईचा पेला, सवयीने उपडा ठेवलेला. आणि ती, दाराकडे तोंड करून, भाकरी खाणारी. रोज थोडा वेळ. मग मी ते मोडून टाकायचो.

आज होळीचा आदला दिवस. ती गेल्याला बारा दिवस झाले. पावणेदहाला प्रिंटर चालला. आज तो नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला.

*कुडाची भिंत. बांबूचं दार.*

*कोपऱ्यात टोपली.*

*पेला उपडा. पेल्यावर नाव.*

मी खुर्चीला धरून उभा राहिलो. मग ओळी पुन्हा वाचल्या. हे तर माझंच घर होतं. मी बांधलेलं. मशिनला माझ्याकडून जे मिळालं ते त्याने दिलं, आणि माझ्याजवळचं ते सगळं खोटं होतं. डोंगरात अशी हजार घरं. पेला तिच्याजवळ आहे हे मला माहीतच होतं. यात तिचं काही नाही. मी अगदी हसलोसुद्धा.

खाली अजून दोन ओळी होत्या.

*ती दाराकडे पाठ करून बसली आहे.*

*आम्ही आहोत.*

मी तिला कधी तसं बसवलं नाही. एकदाही नाही.

मी खिडकीत गेलो. कडुलिंबाखाली वाळलेली पानं होती, आणि जिथे कालपर्यंत पांढरी गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग. रस्त्याने धडगावकडे जाणाऱ्या जीपा भरून चालल्या होत्या, त्यांच्यामागे गाड्या, मोटारसायकली. आज डोंगरात सगळेच चालले आहेत. आज तिथे कोणी कुणाला, तू कोण, असं विचारत नाही.

ताई फुलीबाईचा फोन लावत आहेत. लागत नाही. पोलिस विचारतात, कुठे पाठवू माणसं? ताई माझ्याकडे बघतात. मला माहीत नाही. माहीत नसावं म्हणूनच तर मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

मला करता येण्यासारखं एकच उरलं आहे. मी डोळे मिटून त्या घरात जातो. भिंत आहे, टोपली आहे, पेला आहे. ती पाठमोरी बसली आहे, पदर डोक्यावरून घसरलेला. बांबूच्या दाराच्या फटीतून येणारा उजेड तिच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला आहे. खालची एक पट्टी बाहेरून मिटते. मग तिच्या वरची.

माय, वळ. दारकडे दख.